खारपाणपट्ट्यातली परसबाग : टमाटरं मान टाकतात, कारली किडतात, करावं काय?

दर्यापूरची_परसबाग

रामराम मंडळी. घरामागची जागा २० बाय २५ फूट आहे. माती भारी काळी, उन्हाळ्यात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी बोरचं. तपासणीत पाण्याची ईसी (खारटपणाचं माप) २.६ आणि पीएच ८.३ आला.

सध्याची हालत अशी :

टमाटरची १८ झाडं सपाट वाफ्यात आहेत. पोळ्याच्या आधी चार दिवसांची झडी लागली आणि ऊन पडताच त्यातल्या ९ झाडांनी मान टाकली. पानं हिरवीच, पण झाड लोळलं. उरलेल्यांचे शेंडे विचित्र निघून राहिले, नवीन पानं दोरीसारखी निमुळती. मिरचीवर कोकडा (पानं मुरडणं) आहे. मांडवावरचं कारलं लहानपणीच वाकडं होतं आणि चिरलं की आत पांढऱ्या अळ्या. पाच-सात पानांवर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, हे वेगळंच.

हे सगळं एकाच कारणानं होते का वेगवेगळ्या? आणि आता रब्बीसाठी पाच माणसांच्या घराला काय, किती लावावं? जमेल तितकं विषारी औषध टाळायचं आहे.

---

वापसा

कारणं वेगवेगळी आहेत, पण निम्मी तक्रार पाण्याची आहे, म्हणून तिथून सुरू करतो.

मान टाकलेलं एक झाड मुळासकट उपटा. बुंध्याकडचा बोटभर लांब तुकडा धारदार चाकूनं कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन तो उभा धरा, कापलेलं टोक पाण्यात दोन सेंटीमीटर बुडेल असा. हलवू नका. पाच-दहा मिनिटांत त्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरताना दिसला तर तो जिवाणूजन्य मर. धागा नाही, पण खोड उभं चिरल्यावर सालीच्या आत तपकिरी पट्टा दिसतो, तर ती बुरशीची मर. आणि बारीक मुळं काळी पडून त्यांची साल चिमटीत धरली की पायमोज्यासारखी निघून येत असेल, आत नुसता पांढरा दोरा उरत असेल, तर ती मूळकूज. चार दिवस पाणी साचल्यावर मूळ श्वासाविना मरते आणि मागून बुरशी घुसते. तुमच्या वर्णनावरून बहुतेक झाडं या तिसऱ्या प्रकारातली वाटतात, पण पाच-सहा झाडं तपासल्याशिवाय ठरवू नका.

एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन पाण्यानं भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी २४ तासांनी तळात दिसत असेल तर सपाट वाफा या जागेवर विसरा.

गादीवाफा असा करा. २५ फुटांच्या बाजूवर पाच पट्टे पाडा, प्रत्येकी साडेतीन फूट वाफा आणि दीड फूट पायवाट. पायवाट सहा इंच खोल उकरली आणि ती माती वाफ्यावर टाकली की वाफा पायवाटेच्या तळापासून आठ-नऊ इंच उंच होतो, बाहेरून माती आणावी लागत नाही. पायवाटांचा उतार एका बाजूला हवा आणि तिथून पाणी धुऱ्याबाहेर (बांधाबाहेर) निघायला वाट हवी. ही वाट विसरली की गादीवाफ्याच्या भोवती तळं होते आणि खालून तेच दुखणं.

१८ फूट लांबीच्या एका वाफ्याला २० ते २५ किलो पूर्ण कुजलेलं शेणखत पुरतं, म्हणजे दोन भरगच्च घमेली. कुजलेलं म्हणजे हातात घेतल्यावर शेणाचा वास येत नाही आणि कुटाराची (भुशाची) काडी ओळखू येत नाही, असं. कच्चं टाकलं की हुमणी आणि उधई सोबत येतात. १० किलो खतात १०० ग्रॅम ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशीची भुकटी) मिसळून, ओलसर करून, सावलीत पोत्याखाली आठ-दहा दिवस ठेवा आणि मग वाफ्यात मिसळा.

माती फक्त वापशावर (ना फार ओली, ना फार कोरडी असताना) हलवायची. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून विखुरली तर खोदा. चपटी होऊन पडली, किंवा दाबताना बोटांचे ठसे चकाकले, तर थांबा. ओल्यात फावडं मारलं की ढेकळं अशी बनतात की हिवाळाभर फुटत नाहीत.

---

निंबोळी५टक्के

शेंडे दोरीसारखे निमुळते, हे वाचून पहिला संशय तणनाशकाचा येतो. धुऱ्यावरच्या गाजरगवतावर किंवा शेजारच्या ज्वारीत कोणी २,४-डी मारलं का, विचारा. हे औषध वाऱ्यावर उडून येते आणि टमाटर व कपाशी त्याला सर्वांत हळव्या. ओळख अशी : पान अरुंद, शिरा एकमेकींना समांतर आणि जवळजवळ, देठ खाली वळलेला, आणि हे सगळं एकाच वेळी एका बाजूच्या झाडांवर. वाऱ्याच्या दिशेची झाडं जास्त, आडोशाची कमी. सौम्य मार असेल तर दोन-तीन आठवड्यांनी नवीन पान नीट निघते, तेव्हा झाड उपटू नका, पाणी चालू ठेवा, अन्नद्रव्याचं कोणतंही टॉनिक मारू नका.

विषाणूचा पर्णगुच्छ वेगळा. त्यात पान लहान, कडा पिवळसर आणि वर वळलेल्या, झाड खुजं, पेरं जवळजवळ, आणि बागेत एक झाड इथं तर एक तिथं असं विखुरलेलं. ते सुधारत नाही. पांढरी माशी त्यावरून दुसऱ्या झाडावर जाते, म्हणून दिसताक्षणी पिशवी घालून उपटा आणि जाळा.

मिरचीचं पान उलटून पाहा. कडा वर वळून होडी झाली असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून उलटी होडी आणि देठ लांब झाला असेल तर कोळी. फुलकिड्याला निंबोळी अर्क चालतो. कोळ्याला पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम. गंधक संध्याकाळी आणि ३२ अंशांच्या वर पारा असेल तर अजिबात नाही, पान करपते. काकडीवर्गाच्या वेलांवर तर टाळाच. निमतेल मारलं असेल तर गंधकात किमान दोन आठवडे अंतर ठेवा.

निंबोळी अर्क घरी : वाळलेल्या निंबोळ्या जाड कुटून ५० ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी दुहेरी कापडातून गाळा, चिमूटभर साबणचुरा, त्याच दिवशी संध्याकाळी वापरा. आता तुमच्या बाबतीत महत्त्वाचं : ८.३ पीएचच्या बोरपाण्यात हा अर्क लवकर निकामी होतो, उन्हातही होतो. त्यामुळे पावसाचं साठवलेलं पाणी घ्या. बऱ्याच जणांचा "निंबोळीनं काही होत नाही" हा अनुभव पाण्याचा असतो, निंबोळीचा नाही.

तणनाशकाचा पंप भाजीला वापरू नका. कितीही धुतला तरी नळीत राहिलेलं थोडं २,४-डी टमाटरला पुरतं. दोन पंप परवडत नसतील तर भाजीसाठी एक लिटरचा हातपंप ठेवा. आणि कपाशीचं उरलेलं औषध भाजीवर मारण्याची जी रीत आहे ती सोडा. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर बंदी आहे, तरी बांधावर ती बाटली दिसतेच.

---

रेती_की_मुरूम

एक शंका. काळ्या मातीत चार-पाच घमेली रेती टाकली तर मोकळी होईल ना? आणि घरच्या न्हाणीचं, भांड्यांचं पाणी वापरायचं का?

---

वापसा

रेती नको. काळ्या मातीत थोडी रेती मिसळली की ती चिकणमातीच्या कणांमध्ये अडकते आणि माती मोकळी होण्याऐवजी विटेसारखी कडक होते. खरा फरक पडायला मातीच्या बरोबरीनं रेती लागेल, तेवढा खर्च कशाला? मुरूमही नको, आपल्याकडे त्यात चुनखडी असते आणि आधीच चुना जास्त आहे. कुजलेलं खत, कुटाराचं आच्छादन आणि गांडूळ, दोन-तीन हंगामांत माती बदलते.

न्हाणीचं पाणी केळी, पपई, अळू यांना सोडा. कपडे धुण्याच्या पावडरीत सोडियम असतो आणि खारपाणपट्ट्यात तोच आपला शत्रू. सोडियमनं काळी माती आणखी घट्ट बसते. भांड्यांना राख वापरत असाल तर ते पाणीही नको, राखेनं पीएच वाढतो.

---

निंबोळी५टक्के

आणि ते पिवळी पानं-हिरव्या शिरावाले, ते नवीन पानांवर असेल तर लोहाची कमतरता आहे. मातीत लोह असते, पण चुन्यामुळे मूळ ते उचलू शकत नाही. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम लिंबूफूल, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. जुन्या, खालच्या पानांवर असेल तर मॅग्नेशियम समजा, त्याचा उपाय वेगळा.

---

ढेमसं_ताई

पाण्याचा मुद्दा अजून सुटला नाही, म्हणून लिहिते. ईसी २.६ म्हणजे वापरता येते, पण पीक निवडून. फरसबी, गाजर, कांदा, मुळा यांना हे पाणी झेपत नाही, उत्पन्न पडते. टमाटर, वांगी मधल्या रांगेत. पालक थोडं सोसतं, बीट आणि बरबटी (चवळीच्या शेंगा) बरंच. याचा अर्थ कांदा लावायचाच नाही असा नाही, पण त्याच्यासाठी गोडं पाणी राखून ठेवा.

गोडं पाणी छपरावर आहे. टिनाच्या १०० चौरस फुटांवरून १ मिलिमीटर पावसाला सुमारे ८ लिटर हाती येते. २५ मिलिमीटरच्या एका पावसात २०० लिटरचा ड्रम भरतो. पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी सोडून द्या, मग झाकणाखाली साठवा. बी उगवताना आणि रोप पंधरा दिवसांचं होईस्तोवर खारट पाणी सर्वांत जास्त मारते. रोपवाटिका आणि मेथी-सांबाराची (कोथिंबिरीची) उगवण एवढी जरी ड्रमवर भागवली तरी निम्मी चिंता मिटते.

बोरच्या पाण्यानं लावायचं असेल तर वरंब्याच्या माथ्यावर रोप लावू नका. सरीतून पाणी वर चढते, उन्हानं उडते आणि क्षार माथ्यावर पांढऱ्या पापुद्र्यासारखा साचतो. रोप वरंब्याच्या खांद्यावर, सरीच्या बाजूनं, लावा. थेंब-नळी असेल तर रोप नळीच्या जवळ हवं, कारण क्षार ओल्या गोळ्याच्या कडेला जमतो. हलका पाऊस आला म्हणून नळी बंद करू नका, तो कडेचा क्षार मुळाकडे ढकलतो. जोराचा पाऊस झाला की मग बंद करा. आठवड्यातून दोनदा थोडं-थोडं देण्यापेक्षा एकदा भरपूर द्या, क्षार खाली ढकलला जातो, पण खालून पाणी निघायला वाट असेल तरच.

हिवाळ्यात वाफ्याच्या एका चौरस मीटरला रोजचं ३-४ लिटर धरा, मे महिन्यात ७-८. म्हणजे एका वाफ्याला (सहा चौरस मीटर सुमार) हिवाळ्यात रोजचे १८-२४ लिटर. वाफ्यावर दोन-तीन इंच तुरीचं किंवा सोयाबीनचं कुटार पसरलं की यातलं बरंच वाचते. पावसाळ्यात मात्र ते पातळ ठेवा, गोगलगायी आणि वाणी किडे आत घर करतात.

टमाटरच्या फळाच्या बुडाशी काळा चामड्यासारखा डाग पडला तर कोणी चुना टाकायला सांगेल. आपल्या मातीत चुना भरपूर आहे. तो फळापर्यंत पोचत नाही, कारण पाणी एकदा कोरडं आणि एकदा भरपूर होते. पाण्याचं अंतर सारखं ठेवा, तेवढंच.

---

दर्यापूरची_परसबाग

सगळ्यांचे आभार. ग्लासची परीक्षा पाच झाडांवर केली. चारमध्ये धागा नाही, मुळाची साल पायमोज्यासारखी निघाली. एकात मात्र पांढरा धागा दिसला, दाट. धुऱ्यापलीकडं ज्वारीवर फवारणी झाली होती, तारीखही जुळते.

आता त्या एका झाडाचं काय? आणि कारल्याच्या अळीचं, रब्बीच्या आकड्यांचं राहिलंच.

---

ढेमसं_ताई

कारल्यात फळमाशी आहे. माशी कळीएवढ्या कोवळ्या फळात अंडी टोचते, त्या जागी फळ वाकडं होते. अळी आतून खाऊन जमिनीत उतरते आणि मांडवाखालच्या मातीत कोष करते. त्यामुळे औषध फळावर मारून उपयोग नाही, ती आत असते.

टोचलेली फळं रोज काढा आणि जाड पॉलिथिनच्या पिशवीत बांधून आठवडाभर उन्हात टाका. उकिरड्यावर टाकली तर तिथेच पुढची पिढी तयार. मांडवाखाली आठवड्यातून एकदा कुदळीनं वरची दोन-तीन इंच माती उलटवा, कोष वर येऊन उन्हानं किंवा कोंबड्यांनी जातात. क्यू-ल्यूरचा (गंधाच्या आमिषाचा) एक सापळा तीन-चार फूट उंचीवर टांगा, गोळी दीड-दोन महिन्यांनी बदला. तो फक्त नराला ओढतो, म्हणून मांडवाला पहिलं फूल लागायच्या आधी टांगायचा, फळ टोचल्यावर नाही. कारलं दोन बोटं लांब झालं आणि टोकावरचं फूल वाळलं की वर्तमानपत्राची नळी करून घाला, खालचं तोंड उघडं ठेवा. मांडवावर ३०-४० फळंच तर असतात, दहा मिनिटांचं काम.

मांडवाला बांबू आणि तार. बोंडं अडकलेल्या पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) मांडवाला वापरू नका, गुलाबी बोंडअळी त्यात पडून राहते आणि शेजारच्या कपाशीला लागते. तुऱ्हाट्या (तुरीच्या काड्या) टमाटरला आधार म्हणून चालतात, एका पावसात बुडातून सडतात तेवढं धरून चाला.

रब्बीचं : टमाटर १२ झाडं (दोन बाय दीड फूट), म्हणजे अर्धा वाफा. वांगी ६ (अडीच फुटांवर). मिरची १०. फुलकोबी आणि पत्ताकोबी मिळून २० (दीड फुटांवर), एकदम नको, दहा-दहा करून पंधरा दिवसांच्या अंतरानं, नाहीतर एका आठवड्यात सगळे गड्डे येतात आणि मग शेजाऱ्यांना वाटत फिरा. पालक दर तीन आठवड्यांनी एक ओळ, पहिली कापणी महिन्यानं, पुढच्या तीन-चार पंधरा दिवसांनी. मेथी दर दहा दिवसांनी हातभर पट्टा. सांबाराचं बी पायताणाखाली रगडून दोन फोडी करून पेरा. अख्खं पेरलं तर एकाच जागी दोन रोपं चिकटून उगवतात. बरबटी मांडवाच्या कडेला.

बी टाकायचं आत्ताच, सप्टेंबरात, रोपवाटिकेत. टमाटरला २५-३० दिवस, वांग्याला ४-५ आठवडे, मिरचीला ५-६ आठवडे. चार इंचांच्या ओळीत, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर खोल, वर ४० किंवा ५० मेशची नायलॉन जाळी कमानीवर आणि जाळीच्या कडा मातीत गाडलेल्या. पांढरी माशी याच महिन्यात विषाणू देऊन जाते, फवारण्यांपेक्षा ही जाळी भारी. लावायच्या चार-पाच दिवस आधी पाणी कमी करा आणि जाळी सकाळ-संध्याकाळ उघडा, रोप कणखर होते.

टमाटर आत्ता लावायचं आणखी एक कारण : आपल्याकडे मार्च संपला की दिवसा ३५-३६ च्या वर आणि रात्री उकाडा, फूल येते पण गळते. खतानं ते थांबत नाही. उन्हाळ्यासाठी भेंडी, बरबटी, गवार, चवळाई, ढेमसं यांना जानेवारी-फेब्रुवारीत जागा द्या. भेंडीला परभणी क्रांती चांगली, केवडा (पानं पिवळी पाडणारा विषाणू रोग) बराच सोसते.

---

वापसा

धागावाल्या झाडाबद्दल. ते आणि त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं मुळाच्या गोळ्यासकट काढा, माती पायवाटेवर सांडू न देता. उकिरड्यात नको, जाळा. फावडं आणि चपला धुवून घ्या, पायवाटेच्या पाण्यातूनही हा जिवाणू पुढच्या वाफ्यात जातो.

त्या वाफ्यात किमान तीन वर्षं टमाटर, वांगी, मिरची, बटाटा यांतलं काही नाही, चारही एकाच घरचे. तिथं मेथी, पालक, फुलकोबी घ्या आणि उन्हाळ्यात मका किंवा गवार. पाच वाफे असल्यानं फेरपालट सोपा जाईल, वाफ्यांना नंबर देऊन दाराच्या मागं खडूनं लिहून ठेवा.

मका-गवार आधी काढून मे महिन्यात हा वाफा रिकामा ठेवा. भरपूर पाणी द्या, वर २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद ताणून अंथरा आणि चारही कडा मातीत गाडा. काळा कागद नाही, तो स्वतःच तापतो, माती तेवढी तापत नाही. चार ते सहा आठवडे राहू द्या. दर्यापूरच्या ४५ अंशांच्या उन्हाचा हा एवढा एकच उपयोग, तेवढा करून घ्या. वरच्या थरातल्या बुरशा, सूत्रकृमी आणि तणाचं बी बरंच मरते. जिवाणू पूर्ण जात नाही, कारण तो खोलवरच्या मुळांच्या तुकड्यांत राहतो, म्हणून तीन वर्षांची अट राहीलच.

बाकी वाफ्यांत टमाटर लावताना अर्का रक्षक मिळाली तर घ्या. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची संकरित जात आहे, पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकरचा करपा तिन्हींना तोंड देणारी. संकरित आहे, त्यामुळे फळातलं बी पुढच्या वर्षी ठेवू नका, ती झाडं तशी निघत नाहीत.

जिप्सम आत्ता टाकू नका. मृद चाचणीत विनिमयक्षम सोडियम (मातीच्या कणांना धरून बसलेला) १५ टक्क्यांच्या वर आला तरच लागतो, चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास, तोही पावसाळ्याआधी, कारण तो सोडियम सोडवतो आणि पावसाच्या पाण्यानं तो सोडियम खाली वाहून जावा लागतो. त्यासाठी मातीचा नमुना वाफे करायच्या आधीच घ्या : पाच-सहा जागी इंग्रजी व्ही आकाराचा ९ इंच खोल खड्डा, बाजूची बोटभर जाड चकती, सगळं मिसळून अर्धा किलो, सावलीत वाळवून. खत टाकलेल्या जागेचा नमुना घेऊ नका.